पायथ्याच्या माणसाचा शब्द

३ सप्टेंबर, टँजिअर

दवाखान्यातल्या नूझाबाईंनी ही वही दिली. मान किती दुखते ते सकाळ-संध्याकाळ दहापैकी आकडा घालून लिहा म्हणाल्या. आकडे मी लिहिणार नाही. शाळेत मास्तरांनी दिले तेवढे पुरे झाले. पण वही कोरी परत केली तर बाई चिडतील, आणि हे सगळं बोलायला घरात दुसरं आहे तरी कोण. यामना असती तर तिला सांगितलं असतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली.

आज झालं ते लिहितो, पण हे पान बाईंना दाखवणार नाही. त्यांनी मला फोमच्या जाड तुकड्यावर उभं केलं. पाय जोडलेले, हात छातीवर. डोळे मिटा म्हणाल्या. मला हसू आलं. बावीस वर्षं मी आमच्या कसरतवाल्यांच्या मनोऱ्याखाली उभा राहतोय. माझ्या खांद्यांवर हम्मू, हम्मूच्या खांद्यांवर लारबी, माझ्या मांड्यांवर पाय रोवून दोन्ही अंगांना आमच्या म्होरक्या हाजींचे दोन पुतणे, आणि सगळ्यांच्या वर माझी भाची तित्रित. पाच जण. आणि त्या फोमवर मी एकटा, अंगावर चिटपाखरू नाही, अकरा मोजायच्या आत कलंडलो. बाईंनी दंड धरला म्हणून वाचलो, नाहीतर त्यांच्या टेबलावरच कपाळ आपटलं असतं.

पाय ठणठणीत आहेत तुमचे, बाई म्हणाल्या. दोष मानेत आहे. मान नुसतं डोकं तोलत नाही, डोकं कुठे आहे ते अंगाला कळवत असते. दुखरी मान चुकीचं कळवते, आणि अंग बिचारं त्यावर विश्वास ठेवून झुकतं. काम काय करता, असं विचारलं. सुतार आहे म्हणालो. या गावात खोकलं तरी दुसऱ्या गल्लीत ऐकू जातं. दोन महिने ओझं उचलू नका म्हणाल्या. बरं म्हणालो.

उद्या सकाळी समुद्रावर तालीम आहे.

९ सप्टेंबर

हाजी बूजमांनी सगळ्यांना घरी बोलावलं. आमची मंडळी त्यांची. माझ्या आधी पायथ्याला तेच उभे राहायचे. आता सत्तरी उलटली, पण आवाज तोच. बाहेरदेशीच्या एका सर्कशीचा निरोप आलाय. सगळा हिवाळा तिकडे. त्यांना सहा जणांच्या मनोऱ्याची फिल्म पाहिजे, बारा ऑक्टोबरला त्यांचा माणूस चित्रण करायला येणार.

तित्रित आनंदाने उठून नाचलीच. एकोणीस वर्षांची घोडी, पण अजून पोरच. सगळे हसत होते. मीही हसलो. मान उजवीकडे वळत नव्हती, म्हणून सगळं अंग वळवून हसलो.

हम्मू तेवढा हसत नव्हता. तो माझ्या बहिणीचा, फादमाचा नवरा. पण मेहुणा व्हायच्या आधीपासून आम्ही एकत्र वाढलो, एका वाळूत पडलो. जाताना विचारलं, काय रे, तोंड का लांब? तर म्हणाला, काही नाही, पोर फार उंच जाते हल्ली. बापाचं मन, दुसरं काय.

१७ सप्टेंबर

लिहायचंच म्हटलं तर हे लिहितो. हम्मूला झालंय काय ते कळत नाही.

मनोऱ्यात खांद्यावरचा माणूस आपल्या नडग्या खालच्याच्या डोक्याला मागून टेकवतो. पायथ्याचा माणूस वर बघूच शकत नाही. वरचा डुलतो का, कोणत्या अंगाला जातो, ते त्या नडग्यांवरून मानेला कळतं, आणि तेवढाच आपण खाली तोल सावरतो. नडग्या नुसत्या टेकलेल्या असाव्यात. बावीस वर्षं हम्मूच्या तशाच असायच्या. आता काही महिने तो त्या दाबतो. कधी डावी, कधी उजवी, गाढवाला टाच मारावी तशी. नेमक्या दुखऱ्या जागी. आज मी सांगितलं, मेल्या, पाय सैल ठेव. बरं म्हणाला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मुद्दाम करतोय.

२६ सप्टेंबर

आज डोळ्यांनी बघितलं. झोप येईना, मान ठणकत होती, म्हणून उजाडताच समुद्राकडे गेलो. बोटींच्या आडोशाला हम्मू एकटाच. खांद्यांवर वाळूचं पोतं, त्यावर दुसरं पोतं, पाय फाकवून, गुडघे मोडून उभा. माझी जागा. माझा पवित्रा, पायाची बोटं किती बाहेर काढायची तेसुद्धा माझ्यासारखं.

मी हाक मारली नाही. परत आलो. चहा केला, तो तसाच निवला.

म्हणजे हे असं आहे तर. इद्दर म्हातारा झाला, आता हम्मू खाली उभा राहणार. मला एक शब्द सांगावा असंही त्याला वाटलं नाही. माझ्या बहिणीच्या घरात माझ्याच ताटात हात घालून जेवतो आणि पहाटे माझ्या जागेची मापं घेतो.

४ ऑक्टोबर

हाजींनी आडून आडून विचारलं, इद्दर, मान कशी आहे? मान दुखते हे मी एका नूझाबाईंशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. आणि त्यांच्या लेखी मी सुतार. मग हाजींना कोणी सांगितलं? माझ्या मानेला चोवीस तास पाय लावून उभा असतो त्यानेच. दुसरं कोण सांगणार.

दगड आहे, हाजी, असं मी म्हणालो. हाजींनी माझ्याकडे बघितलं आणि पेल्यात पुदिना घातला.

संध्याकाळी फादमाने मेथी घालून कोंबडी केली होती, मला आवडते म्हणून. मी गेलो नाही. पोट बिघडलंय असं कळवलं. तिने तित्रितच्या हाती डबा पाठवला. पोर दारात उभी राहून अर्धा तास त्या परदेशातल्या बर्फाबद्दल बोलत होती. मामा, तिकडे आपण मोजे घालून चढायचं का? मी म्हटलं, मोजे घालून चढलीस तर मीच खाली पाडीन. खूप हसली.

११ ऑक्टोबर

उद्या चित्रण. मान लाकडासारखी झालीय. डावीकडे बघायचं तर चक्कर येते. सकाळी तोंड धुवायला वाकलो आणि भिंत धरावी लागली.

बाजारामागे म्हातारा सल्लाम सुया टोचतो. गोदीतले हमाल त्याच्याकडेच जातात. त्याला बोलून ठेवलंय. उद्या सकाळी मानेत दोन्ही बाजूंना बधिर करायची सुई. चार तास काही दुखत नाही म्हणतो. चार तास मला पुष्कळ झाले. नंतर वाटेल तेवढी दुखू दे, हिवाळाभर दुखू दे. पण हम्मूला त्या जागेवर उभं राहिलेलं मी बघणार नाही.

१२ ऑक्टोबर

पडलो. सगळे पडलो.

तित्रितचं मनगट आणि गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं. दवाखान्यात आहे.

पुढे लिहवत नाही.

१३ ऑक्टोबर

काल घडलं ते एकदाच लिहितो.

सुई लागली आणि दुखणं खरोखर गेलं. किती महिन्यांनी. वाळूत उभा राहिलो तेव्हा वाटलं, वीस वर्षांचा झालो. हम्मूने विचारलं, मान कशी आहे. मी म्हणालो, तुला बरी काळजी. तो म्हणाला, इद्दर, आज राहू दे. हाजींना मी सांगतो माझा पाय मुरगळलाय. मी म्हणालो, चढ.

बाजूचे दोघे चढले. हम्मू चढला, लारबी चढला. मग तित्रित. ती वर गेली की नेहमी एक हलकासा धक्का येतो, मानेतून कमरेत. तो आला नाही. काहीच आलं नाही. हम्मूच्या नडग्या डोक्याला टेकल्या असणार, मला त्या लागल्याच नाहीत. मान आहे की नाही तेही कळेना. समोर समुद्र तिरपा दिसायला लागला, मला वाटलं सगळे डावीकडे चाललेत, म्हणून मी उजवीकडे जोर लावला. मग वाळू वर आली.

आज दुपारी हाजींकडे बैठक झाली. कोणी पडलं की आमच्यात सगळे गोल बसतात, आणि पाय कोणाचा चुकला ते पायथ्याचा माणूस सांगतो. तोवर चहा ओतत नाहीत. सगळ्यांचे पाय एकट्या त्यालाच कळतात, म्हणून त्याच्या शब्दावर कोणी बोलत नाही. ज्याचं नाव घेतलं त्याने मान खाली घालायची आणि वर्षभर चढायचं नाही. पायथ्याच्या माणसाला स्वतःबद्दल कोणी काही विचारत नाही. तो जमीन. जमिनीला काय विचारायचं.

हाजी म्हणाले, बोल इद्दर.

मी म्हणालो, हम्मूचा डावा पाय.

हम्मूने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठेल, भांडेल. त्याने मान खाली घातली. मग हाजींनी चहा ओतला.

त्याचा पाय हललाच असणार. महिनोन् महिने तो नडग्या दाबत होता ते काय उगाच? ज्याच्या मनात खोट नाही तो असा गप्प बसेल का? मी त्याच्या जागी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं.

२० ऑक्टोबर

सर्कसवाल्यांनी एक संधी दिली. पाच नोव्हेंबरला पुन्हा येतील. तित्रितच्या जागी पुतण्यांपैकी धाकटा जाईल, हम्मूच्या जागी लारबी. मनोरा चार जणांचा, तरी चालेल म्हणतात.

हम्मू मासळी बंदरावर पेट्या उचलायला जातो असं ऐकलं.

फादमाकडे गेलो. ती माझ्याशी बोलली, पण हातातलं काम न थांबवता. तित्रित बापाशी बोलत नाही, दादा. त्याने ताट पुढे केलं तर भिंतीकडे तोंड करते. काल म्हणाली, मी सगळ्या जगात एका माणसाच्या पायावर डोळे मिटून उभी राहिले असते, आणि त्यानेच मला पाडलं. हम्मू दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.

मी विचारलं, मग तो काय म्हणाला. फादमा म्हणाली, काय म्हणणार? तू नाव घेतलंस ना.

मग तिने हात पुसले आणि सांगितलं की हाजींनी हम्मूला उन्हाळ्यातच तयार राहायला सांगितलं होतं. तुझी मान गेलीय हे हाजींनी तुझ्या चालण्यावरून ओळखलं. हा म्हणाला, तयारी करतो, पण इद्दर स्वतःहून म्हणेपर्यंत त्याच्या जागेवर मी पाय ठेवणार नाही.

मी म्हणालो, नवऱ्याची बाजू घेतेस ती घे. चप्पल घालून निघून आलो. सगळ्यांनी मिळून माझं आधीच ठरवून टाकलं होतं तर. बहिणीनेसुद्धा.

२९ ऑक्टोबर

आज लारबीला खांद्यावर घेतलं. फक्त लारबी. बाकी कोणी नाही. सुई नाही, काही नाही.

तीनदा घेतला, तिन्ही वेळा पडलो. तिसऱ्यांदा तर त्याने दोन्ही पाय नीट टेकायच्या आधीच. तेवीस वर्षांचा पोरगा, मांजरासारखा उतरतो, म्हणून त्याला लागलं नाही. मी वाळूत बसून राहिलो आणि त्याच्यावर ओरडलो की तुझे पाय मुडद्यासारखे पडलेत, नडग्या टेकव नीट.

तो शेजारी बसला. म्हणाला, इद्दरमामा, रागावू नका. टेकवल्या होत्या. मला हम्मूकाकांसारखं जमत नाही.

काय जमत नाही, म्हटलं.

तो वाळू उकरत राहिला. मग म्हणाला, तुम्ही डावीकडे जायला लागलात की ते डावी नडगी दाबून तुमचं डोकं सरळ करायचे. आम्हाला वरून कळायचं. ते हळूच मोजायचे, तुम्हाला ते नेहमीचंच मोजणं वाटायचं, आणि त्यांच्या मोजण्यावर आम्ही सगळे वजन फिरवायचो. रमजानच्या आधीपासून. कोणाला सांगायचं नाही अशी त्यांनी आम्हाला शपथ घातली होती.

मी विचारलं, सगळ्यांना माहीत होतं?

हो, म्हणाला. तित्रित सोडून. ती सगळ्यात वर असते, तिथवर मोजणं ऐकू जात नाही. तिला सांगितलं तर ती घाबरेल असं काका म्हणाले.

घरी येऊन बसलोय. राग येतोय, तो कोणावर काढू ते कळत नाही. आठ महिने मी समजत होतो की मी पाच जणांना उभं धरलंय. वरचे मला धरून होते. च्यायला, चौघांनी मिळून मला फसवलं. आणि सुई टोचून मी ते बंद पाडलं. तो नडगी दाबत राहिला असणार, जीव खाऊन दाबली असणार, आणि खाली मी नव्हतोच.

डावा पाय म्हणालो मी. डावाच का म्हणालो तेसुद्धा आठवत नाही.

२ नोव्हेंबर

चार दिवस जायचं टाळलं, आज गेलो. मासळी बंदरावर हम्मू सार्डिनच्या पेट्या रचत होता. मला बघून थांबला नाही. मी पेटी उचलायला गेलो तर म्हणाला, ठेव, तुझी मान.

मी सांगितलं, सुई घेतली होती.

माहीत आहे, म्हणाला. तुझ्या मानेवर दोन टोचल्याच्या खुणा होत्या. माझ्या पायापाशीच तर होत्या. पण तोवर पोर वर पोचली होती.

मग बैठकीत बोलला का नाहीस, विचारलं. मला वाटलं होतं तो काहीतरी मोठं बोलेल. तो पेट्या रचत होता. रचून झाल्यावर म्हणाला, बावीस वर्षं तुझ्या शब्दावर चढलो. आणि मला वाटलं, तू घरी जाशील, रात्रभर विचार करशील आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगशील. मी वाट बघितली.

दुसरा दिवस कधीच गेला होता. वीस दिवस झाले होते.

मी म्हणालो, सगळ्यांसमोर सांगतो. तो म्हणाला, सांगितलंस तर तू पुन्हा कधी उभा राहणार नाहीस, ठाऊक आहे ना. ज्याचा शब्द खोटा निघाला त्याच्या खांद्यावर कोणी पाय ठेवत नाही. हाजींनाही मग ती सर्कस सोडावी लागेल. मी म्हणालो, तू आहेस की. तो म्हणाला, मी माझ्या पोरीला चढवू तरी कसा? ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

हे बोलताना त्याला रडू फुटलं. बावीस वर्षांत त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं. मासळीवाले बघायला लागले तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

३ नोव्हेंबर

हाजींना बैठक बोलवायला सांगितली. तित्रितलाही आणा म्हटलं. ती अजून पट्टा बांधून असते, हात गळ्यात. ती आईशेजारी बसली, बापाच्या समोरच्या बाजूला.

मी म्हणालो, बारा तारखेला कोणाचाही पाय चुकला नाही. माझी मान चुकली. आठ महिने चुकत होती, मला माहीत होतं, आणि त्या दिवशी मी ती सुई टोचून बधिर केली होती. हम्मूचं नाव मी खोटं घेतलं.

हाजींनी किटली उचलली नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मग एवढंच म्हणाले की माझ्या पन्नास वर्षांत या जागेवर बसून असं कोणी बोललं नव्हतं. ती शाबासकी नव्हती हे मला समजलं.

लारबीने, पुतण्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही.

तित्रित उठली. मला वाटलं बापाकडे जाईल. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, सुई टोचून घेताना तुम्हाला माहीत होतं का मामा, की वर मी असणार?

मी म्हणालो, हो.

ती म्हणाली, बाबांनी त्या दिवशी मला बाजूला नेऊन सांगितलं होतं, आज चढू नकोस. कारण सांगितलं नाही. मी त्यांना हसले. म्हटलं, बाबा, घाबरता काय, खाली मामा आहे.

एवढं बोलून ती वळली आणि बापाशेजारी जाऊन बसली. हम्मूने तिच्या पाठीवर हात ठेवला, दुखऱ्या खांद्याला न लावता. मी उठून चप्पल घातली. दारापर्यंत मला कोणी थांबवलं नाही, आणि थांबवायला हवं होतं असंही मला वाटलं नाही.